एकाच गटाची तीन क्षेत्रं : आधी शब्द जुळवायचे की पद्धती?

बांधकरी
नमस्कार मंडळी. वडील गेले, वारस नोंदीसाठी घरातली ट्रंक उघडली आणि डोकं धरून बसलो. आमचा एकच गट. जुन्या खरेदीखतात लिहिलंय 'तीन एकर'. सातबाऱ्यावर १.२१.००. दोन वर्षांपूर्वी मोजणी केली, तिच्या 'क' प्रतीवर, म्हणजे मोजणीनंतर मिळालेल्या नकाशावर, १.१७.६०. तिन्ही कागद सरकारी शिक्क्याचे.

तीन कार्यालयांत गेलो. प्रत्येक ठिकाणी अतिशय सभ्यपणे सांगितलं की आमचा आकडा बरोबर आहे, बाकीच्यांना विचारा. शेवटी कंटाळून एका कारकुनाला विचारलं, "तुमच्या कागदावर 'क्षेत्र' म्हणजे नक्की कशाचं क्षेत्र?" तो म्हणाला, "म्हणजे काय? क्षेत्र म्हणजे क्षेत्र!"

तिथे मला वाटलं, खरा घोळ हाच. महसूल, भूमी अभिलेख आणि दुय्यम निबंधक, तिघे तोच शब्द वापरतात आणि तिघांच्या मनात वेगळी वस्तू असते. मामेभाऊ तेलंगणात, त्याच्याकडे सातबाऱ्याऐवजी 'पहाणी'. मित्र उत्तर प्रदेशचा, तो 'खतौनी' म्हणतो. पंजाबात 'जमाबंदी'. जमिनीच्या नोंदीतल्या बदलाला आपण फेरफार म्हणतो, तो बिहारात 'दाखिल-खारिज'.

प्रश्न असा : जमिनीचा कारभार सुधारायचा तर सगळ्यांनी मिळून शब्दांचे अर्थ एकदा ठरवून घेणं ही पहिली पायरी आहे का? की हे पुस्तकी खूळ, आणि आधी कामाच्या पद्धती सुधारायला हव्यात?

गुंठेश्वर
पेपरात येतं, 'कागदपत्रांत फेरफार केल्याप्रकरणी दोघांना अटक'. तलाठी कार्यालयात पाटी असते, 'फेरफार अर्ज येथे स्वीकारले जातील'. आता तुम्हीच सांगा.

हिरवी_पाती
=)) आणि 'आकार'! मला लग्नानंतर पहिल्यांदा सातबारा बघायला मिळाला. आकार ३.८५ वाचून सासऱ्यांना विचारलं, शेत गोल आहे की चौकोनी? तो शेतसाऱ्याचा आकडा निघाला.

माजी_तलाठी
बांधकरी, कारकुनाला दोष देऊ नका. त्याला कोणी शिकवलंच नाही. मी छत्तीस वर्षं हेच काम केलं. आता आमच्या पदाचं नावही 'ग्राम महसूल अधिकारी' झालंय. गावात अजून "तलाठी आप्पा आले का?" असंच विचारतात.

शब्दांबद्दल दोन अनुभव सांगतो. हस्तलिखित सातबारा होता तेव्हा साधारण दहा वर्षांनी तो पुन्हा लिहून काढायचा. हजार पानं हाताने उतरवायची, तीही बाकीची कामं सांभाळून. त्यामुळे आम्ही संक्षेप करायचो. 'एकत्र कुटुंब मॅनेजर'चं ए.कु.मॅ., 'अज्ञान पालन कर्ता'चं अ.पा.क. पुढच्याने टिंबं गाळली. त्याच्या पुढच्याने 'एकुम' आणि 'अपाक' एक शब्द म्हणून लिहिलं. आता नातू येऊन विचारतात, "हा एकुम कोण? आमच्या भावकीत तर असा कोणी नाही."

हसू येतं, पण परिणाम हसण्यासारखे नाहीत. ए.कु.मॅ. असताना थोरला भाऊ फक्त कुटुंबाच्या वतीने नावावर असतो. ती तीन अक्षरं गळाली की तो एकटाच धनी दिसतो, आणि धाकट्यांची मुलं कोर्टात फिरतात.

दुसरा अनुभव चावडी वाचनाचा. संगणकीकरण झाल्यावर २०१७ च्या सुमारास गावोगाव सातबारे मोठ्याने वाचून दाखवले. एका म्हातारीने नुसतं ऐकून चूक पकडली. वाचणारा म्हणाला, "विहिरीत अर्धा हिस्सा". ती म्हणाली, "अर्धा नव्हं, चार आणे." जुनी नोंदवही काढली, म्हातारी बरोबर. माझ्या मते चांगली पद्धत म्हणतात ती ही. शब्दकोश नाही, संगणकाचा पडदा नाही, नुसतं चारचौघांत वाचन.

साखळीवाला
भूमापक आहे, म्हणून क्षेत्राबद्दल लिहितो. लांबेल, माफ करा.

खरेदीखतातले 'तीन एकर' हे दोन माणसांनी एकमेकांना सांगितलेलं क्षेत्र. निबंधक ते दस्तात आहे तसं नोंदवतो, रानात जाऊन बघत नाही. सातबाऱ्यावरचं क्षेत्र मूळ मोजणीवरून आकारबंदात, म्हणजे गावाच्या क्षेत्र आणि आकाराच्या नोंदवहीत आलं, तिथून गाव नमुना सातवर. मधल्या प्रत्येक वाटपात, पोटहिश्श्यात, एकत्रीकरण योजनेत त्याची बेरीज-वजाबाकी होत आली. 'क' प्रतीवर जे आहे ते मोजणीच्या दिवशी जागेवर सापडलेलं.

आता तुमचे आकडे पाहू. एक एकर म्हणजे ४०.४७ आर. तीन एकर म्हणजे १२१.४१ आर, म्हणजे १ हेक्टर २१ आर ४१ चौ.मी. सातबाऱ्यावर १.२१.०० आहे, म्हणजे रूपांतर करताना वरचे ४१ चौरस मीटर कोणीतरी सोडून दिले. हे दोन आकडे मुळात एकच आहेत. खरा फरक 'क' प्रतीचा, ३ आर ४० चौ.मी. चा. तो ओढ्याने खाल्ला, शेजाऱ्याने खाल्ला की जुन्या मोजणीतच होता, हे टिपण आणि गुणाकार बुक, म्हणजे जुन्या मोजणीची मापं आणि क्षेत्राचं गणित, काढल्याशिवाय कळणार नाही.

आणि १.२१.०० हा दशांश अपूर्णांक नाही, हे शाळेत शिकवायला हवं. पहिला आकडा हेक्टर, दुसरा आर, तिसरा चौरस मीटर. एका गृहस्थांनी ०.४०.५० वाचून मला सांगितलं होतं, "पॉइंट चाळीस एकर आहे." होती एक एकर.

जुना गावनकाशाही समजून घ्या. १:४००० प्रमाणाच्या नकाशावर अर्धा मिलिमीटर जाडीची रेघ जमिनीवर दोन मीटर रुंद होते. त्यात कागद शंभर वर्षं आखडत आलेला. आज माझ्या हातात रोव्हर, म्हणजे उपग्रहावरून मोजणारं यंत्र आहे, तो सेंटिमीटरमध्ये बोलतो. त्याला मी त्या रेघेवर उभं करायचं तरी कुठे? म्हणून वादात आम्ही आधी हद्दीच्या खुणा बघतो, आकडा नंतर. लोक मात्र आकडा घट्ट धरून येतात.

गुंठेश्वर
बिल्डर आणखी वेगळा. गुंठा १०१.१७ चौ.मी., आर १०० चौ.मी. घेताना आर, विकताना गुंठा म्हणून सांगतो. शंभर गुंठ्यांत एक गुंठा हवेतून तयार.

साखळीवाला
@गुंठेश्वर, आकडेमोड बरोबर आहे :) ३३ फूट गुणिले ३३ फूट. असे ४० मिळून एकर.

कोर्टाचीपायरी
वकील आहे. सगळ्यात महाग पडणारा शब्द अजून कोणी घेतला नाही : 'मालक'.

सातबाऱ्यावर 'भोगवटादार', म्हणजे जमीन धारण करणारा, असतो. लोक त्याचं भाषांतर 'मालक' असं करतात आणि निर्धास्त झोपतात. सर्वोच्च न्यायालयाने वेळोवेळी सांगितलंय की फेरफार नोंदीने मालकी हक्क निर्माण होत नाही, ती महसुलासाठी केलेली नोंद आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५७ प्रमाणे नोंद खरी मानून चालायचं, पण विरुद्ध सिद्ध होईपर्यंत. नोंदणी अधिनियम १९०८ चा, त्यातही दस्त नोंदवला जातो, विकणाऱ्याचा हक्क तपासून त्याची हमी दिली जात नाही. म्हणजे आपल्याकडे मालकी हा बहुतेक वेळा अनुमानाचा विषय.

दुसरी तऱ्हा दक्षिण ऑस्ट्रेलियात रॉबर्ट टॉरेन्सने १८५८ मध्ये आणली. तिथे नोंदवही हाच हक्क. तिची तीन सूत्रं सांगतात, आरसा, पडदा आणि विमा. नोंदवहीत दिसतं तेच खरं, तिच्या मागे जाऊन जुने दस्त उकरायचे नाहीत, आणि चूक झाली तर भरपाई राज्याकडून. आपण सातबाऱ्याला आरसा समजतो. विमा मात्र कोणी काढलेला नाही.

म्हणून बांधकरींच्या प्रश्नाला माझं उत्तर : हो, शब्द आधी. पण शब्दापुढे दुसरा शब्द लिहून भागणार नाही, त्याच्या पाठीमागे कायदा काय उभा करतो ते लिहा.

रोखठोक
सगळं वाचलं. विद्वत्तापूर्ण आहे. पण मंडळी, शब्द समजले नाहीत म्हणून कामं अडतात हा भ्रम आहे. देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला 'अडचण' या शब्दाचा अर्थ पहिल्या भेटीत समजतो. कोश छापून ते थांबणार का? सात फेऱ्या मारल्यात मी एका बोज्याची नोंद कमी करायला. कर्ज फेडून चार वर्षं झालेली.

माजी_तलाठी
@रोखठोक, तुमचं खोटं नाही. पण अडवणूक कुठे जगते तेही बघा. ज्या टेबलावर अर्जदाराला शब्द कळत नाही, त्या टेबलावर. "आकारफोड झालेली नाही, कजाप निघालं नाही, आम्ही काय करणार?" असं म्हटलं की माणूस गप्प. आकारफोड म्हणजे पोटहिश्श्यांत आकाराची विभागणी, कजाप म्हणजे कमी-जास्त पत्रक, ते अमुक कार्यालयाने तयार करायचं, हे त्याला ठाऊक असतं तर त्याने पुढचा प्रश्न विचारला असता.

बोज्यासाठी बँकेचा दाखला घेऊन पुन्हा अर्ज द्या, पोच घ्या, पोचेवर तारीख घ्या.

शून्य_एक
मी संगणकवाला, या विषयात योगायोगाने आलो. एका प्रकल्पात तीन विभागांच्या माहितीचा मेळ घालायचा होता. पहिले दोन महिने एक ओळही लिहिली नाही, फक्त भांडणं ऐकली. एका तक्त्यात 'खातेदार', दुसऱ्यात 'धारक', तिसऱ्यात 'पक्षकार'. तिन्ही एकच का? नाही. पक्षकारांत साक्षीदारसुद्धा घातलेले.

जगात हे भांडण आधीच झालंय. आयएसओ १९१५२ नावाचं मानक २०१२ मध्ये आलं, अलीकडे त्याची सुधारित आवृत्ती भागाभागाने येतेय. ते कोणत्याही देशाला "तुमचे शब्द टाका" असं म्हणत नाही. ते चार खोके देतं. कोण (व्यक्ती, कुटुंब, संस्था, गाव), कशाने (हक्क, निर्बंध, जबाबदाऱ्या), कोणत्या एककावर (आपल्या भाषेत खातं किंवा मिळकत), आणि ते एकक जमिनीवर कुठे. तुमचा स्थानिक शब्द कोणत्या खोक्यात बसतो तेवढं ठरवा. शब्द तुमचाच राहतो.

खरी गंमत दुसऱ्या खोक्यात आहे. आपला 'इतर हक्क' हा रकाना. बँकेचा बोजा तिथे, कुळाचं नाव तिथे, विहिरीतला हिस्सा तिथे, हस्तांतरणावरची बंदी तिथे. हक्क, निर्बंध, देणं सगळं एका पोत्यात. संगणकाला विचारा, या जमिनीवर कोणाचा हक्क आहे आणि कशाची मनाई आहे? तो सांगू शकत नाही, कारण आपणच कधी वेगळं केलं नाही.

उसाची_लेक
'इतर हक्क' निघालंच आहे तर माझंही ऐका.

वडिलांच्या पश्चात वारस नोंद झाली. दोन्ही भाऊ भोगवटादार सदरी, आम्ही दोघी बहिणी 'इतर हक्क' सदरी. मी विचारलं तेव्हा उत्तर मिळालं, "ताई, नाव लागलंय ना? मग झालं." सहा वर्षांनी भावाने कर्ज काढलं, आमची सही कोणी मागितली नाही. बँकवाला म्हणाला, तुम्ही भोगवटादार नाही.

महाराष्ट्राने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत समान हक्क १९९४ मध्ये दिला, देशभर २००५ मध्ये आला. कायदा बदलला. रकाना भरणाऱ्या हाताची सवय बदलली नाही. तेव्हा शब्दांची चर्चा पुस्तकी असेल तर असो. माझ्या वाट्याला आलेला अन्याय फक्त चुकीच्या चौकटीत नाव लिहून झालाय, त्यासाठी कोणाला खोटं बोलावंही लागलं नाही.

कोर्टाचीपायरी
@उसाची_लेक, ही नोंद आव्हान देण्यासारखी आहे. नुसती लेखनातली चूक असेल तर कलम १५५ खाली दुरुस्ती होते, पण तुमचं प्रकरण त्यापलीकडचं वाटतं, अपील करावं लागेल. उशीर झालाय म्हणून सोडू नका, उशीर माफीचा अर्ज सोबत जोडता येतो. मूळ फेरफाराची नक्कल आणि सहावा-क, म्हणजे वारस नोंदवहीचा उतारा, आधी काढा. व्यक्तिगत निरोप करते.

इतिहासवेडा
थोडं अवांतर, पण फार नाही.

शासकीय शब्दांचा कोश हा प्रयोग आपल्याकडे साडेतीनशे वर्षांपूर्वी झालाय. शिवाजी महाराजांच्या सांगण्यावरून रघुनाथ पंडितांनी राज्यव्यवहारकोश केला, दरबारातल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. आज निकाल काय दिसतो? जमीन, तहसीलदार, महसूल, वसूल, दस्त, खरीप. सगळे पाहुणे घरात, आणि बरेच पर्याय कोशातच.

त्याच काळात अण्णाजी दत्तोंच्या हाताखाली मोजणी झाली. पाच हात पाच मुठींची काठी, वीस काठ्यांच्या औरसचौरसाचा बिघा, एकशेवीस बिघ्यांचा चावर. शब्द जुनेच, पण काठी ठरवून दिली. रयतेला 'बिघा' समजावून सांगायला लागला नसेल, काठी पुढे धरली की काम झालं.

तुमच्या शब्दांनाही अशी काठी लावा. नवे शब्द पाडू नका.

शून्य_एक
+१. तीन परिच्छेदांत मला जे जमलं नाही ते काठीने झालं.

डचदेशी
नेदरलँड्समध्ये राहतो, घर घेतलं तेव्हाचं सांगतो. इथल्या कडास्टर या संस्थेचं काम १८३२ पासून चालू आहे. नकाशा आणि हक्काची नोंद एकाच छताखाली. वकीलताईंनी टॉरेन्स सांगितला, पण इथे टॉरेन्स नाही, आपल्यासारखी दस्तांचीच नोंद. तरी लोक डोळे मिटून विश्वास ठेवतात, कारण दस्त बनवणारा नोटरी आधी सगळं तपासतो आणि विक्रीनंतर नोंद लगेच बदलते. म्हणजे कायद्याची जात बदलण्याआधी दोन कार्यालयांमधलं अंतर कमी केलं तरी बरंच पदरात पडतं.

माजी_तलाठी
ते अंतर आपल्याकडेही कमी होतंय. दस्त नोंदवला की ई-फेरफारमध्ये माहिती आपोआप येते, नोटीस निघते, हरकतीसाठी पंधरा दिवस. पूर्वी खरेदी करून माणूस मुंबईला जायचा आणि नोंद करायची वीस वर्षांनी आठवायची. वारसांचं मात्र आपोआप होत नाही. मरण कुठल्या निबंधकाकडे नोंदवून फेरफार निघत नाही ना. त्यासाठी २०२५ मध्ये जिवंत सातबारा मोहीम काढावी लागली, मयत खातेदारांच्या जागी वारस लावायला.

हिरवी_पाती
रवांडाचं वाचलं होतं. पाचेक वर्षांत सुमारे एक कोटी भूखंड नोंदवले. विमानातून फोटो काढले, गावातल्याच मुलामुलींना शिकवलं, शेजाऱ्यांसमोर फोटोवर रेघा मारल्या. सेंटिमीटरचा हट्ट धरला नाही. नवरा-बायको दोघांची नावं. पण पुढची विक्री-वाटणी लोक नोंदवेनात, कारण खर्च आणि हेलपाटा. नोंद करणं सोपं, ताजी ठेवणं अवघड.

आप्पांचं चावडी वाचन मला त्याच जातीचं वाटतं. दरवर्षी का होत नाही?

रोखठोक
कारण चहा कोण देणार?

सीमोल्लंघन
राज्याराज्यांतल्या शब्दांबद्दल भर. वेगळे शब्द एकवेळ परवडतात, माणूस सावध राहतो. एकच शब्द वेगळ्या अर्थाने आला की पाय घसरतो. तमिळनाडूत 'पट्टा' म्हणजे जमीन तुमच्या नावे असल्याचा महसुली कागद. आपल्याकडे भाडेपट्टा, म्हणजे जमीन दुसऱ्याची. त्यात वनहक्काचा 'पट्टा' तिसरा. बंगळूरला 'खाता' हा पालिकेच्या करनोंदीचा कागद, आपलं खातं आठ-अ वरचं, म्हणजे एका खातेदाराच्या जमिनींच्या उताऱ्यावरचं. माझ्या ओळखीच्या एकाने तिथला फ्लॅट 'खाता आहे म्हणजे मालकी आहे' असं समजून घेतला.

भूखंडाला देशभर एकच १४ अक्षरी-अंकी क्रमांक देण्याचं काम चालू आहे, भू-आधार म्हणतात. तो जमीन कुठली ते निर्विवाद सांगेल. तिच्यावर कोणाचं काय, हे सांगायला शब्दच लागतील.

गुंठेश्वर
एकाच गावातही घसरतो हो. 'आणेवारी' घ्या. सातबाऱ्याच्या संदर्भात हिश्श्याचं प्रमाण, दुष्काळाच्या संदर्भात पिकाचा अंदाज. दुसरीला सरकारने पैसेवारी म्हणायला सुरुवात केली म्हणून वाचलो. आमचे चुलते ग्रामसभेत उठून म्हणाले होते, "माझी आणेवारी पन्नास पैशांच्या आत कशी, मी निम्म्याचा वाटेकरी आहे!"

बांधकरी
धागा इतका लांबेल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार. मधल्या तीन आठवड्यांत काय झालं ते सांगतो.

साखळीवाल्यांनी सांगितलं तसं टिपण काढलं. ३ आर ४० चौ.मी. चा उलगडा झाला, बराचसा भाग उत्तरेच्या ओढ्यात गेलेला. शेजारच्या काकांशी दहा वर्षं धुसफूस होती, त्यांनी बांध कोरला या संशयाने. कागद घेऊन गेलो. त्यांचंही त्याच ओढ्याकडचं क्षेत्र कमी भरतंय. आता दोघे मिळून ओढ्यावर रागावतो.

वारस नोंदीचा अर्ज दिला. उसाची_लेक यांचं वाचल्यावर अर्जात स्वच्छ लिहिलं, "आई, मी आणि बहीण, तिघांची नावे भोगवटादार सदरी समान हिश्श्याने घ्यावीत, इतर हक्क सदरी नव्हे." अधिकारी बाई वाचून म्हणाल्या, "असं कोणी लिहून देत नाही हो." म्हटलं, घ्या, आजपासून एक जण देतो. बहीण म्हणाली, मी सही करायला येणारच आहे, येताना काका-आत्यांचे कागदही आणते. म्हणजे ट्रंक क्रमांक दोन.

मूळ प्रश्नावर : मी 'शब्द की पद्धत' असं विचारलं होतं, ती फोड चुकली. माझ्या अर्जातल्या त्या ओळीत शब्द कुठला आणि पद्धत कुठली ते मला वेगळं करता येत नाहीये. घरासाठी एक कागद मात्र केलाय. आमच्या सातबाऱ्यावर आलेले तेवढेच बावीस शब्द, प्रत्येकापुढे तीन रकाने : याचा अर्थ काय, हे कोणतं कार्यालय लिहितं, चुकलं तर कोणाकडे जायचं. 'आकारफोड'पुढचा तिसरा रकाना रिकामा आहे. साखळीवाले, मदत कराल?

साखळीवाला
कागद इथे टाका, आम्ही सगळे मिळून भरू. आकारफोड आमच्याकडची, उपअधीक्षक भूमी अभिलेख. पण मंजूर झाल्यावर अंमल महसूल देतो, तेव्हा त्या रकान्यात दोन नावं लिहा.

माजी_तलाठी
आणि 'एकुम' विसरू नका. बावीसचे तेवीस करा.

नवाखातेदार
नमस्कार, नवीन सदस्य आहे. धागा अजून पूर्ण वाचला नाही. माझ्या आठ-अ वर 'खाते क्रमांक ११७' आहे. अनुदानाच्या अर्जात बँक खाते क्रमांक मागितलाय, तिथे हाच टाकला. चालेल ना?

गुंठेश्वर
बांधकरी, चोवीस.